मुंबईच्या वाहतुकीतील स्पोर्ट्स कार आणि गिअरची निवड

मुंबईच्या वाहतुकीतील स्पोर्ट्स कार आणि गिअरची निवड हा वाहन खरेदी, वाहन चालवण्याची पद्धत आणि शहराची रचना या तिन्हींशी संबंधित विषय आहे. वेगासाठी बांधलेली मोटार गिरगाव, लालबाग, परळ, दादर यांसारख्या दाट वस्तीतून रोज न्यायची असेल, तर तिला हस्तचलित (मॅन्युअल) गिअर असावा की स्वयंचलित (ऑटोमॅटिक), असा हा प्रश्न आहे. सामान्यतः या प्रश्नाची चर्चा 'गाडी चालवण्याचा आनंद' विरुद्ध 'सोय' अशी होते. मुंबईत मात्र त्याचे उत्तर प्रामुख्याने एका यांत्रिक मर्यादेवर अवलंबून असते. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून गाडी ज्या किमान वेगाने चालू शकते, त्यापेक्षा येथील गर्दीचा वेग बहुधा कमी असतो. हा फरक क्लचची घसरण किंवा द्रवातील घसरण यांनी भरून काढावा लागतो. त्यामुळे ती घसरण चालकाच्या डाव्या पायाने घडवायची की यंत्राने, आणि तिची उष्णता कोणत्या भागाने सोसायची, हे ठरवणे म्हणजेच येथे गिअरची निवड करणे होय.

गिअरपेटीचे प्रकार

इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवताना वेग आणि जोर यांचे प्रमाण बदलण्याचे काम गिअरपेटी करते. विषयाच्या दृष्टीने तिचे पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत.

हस्तचलित गिअरपेटी: चालक डाव्या पायाने क्लच दाबतो व हाताने गिअर बदलतो. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामधील क्लच प्लेट घर्षणाने शक्ती पुढे नेते.

एकक्लची स्वयंचलित गिअरपेटी (एएमटी): मूळ रचना हस्तचलित गिअरपेटीचीच असते, मात्र क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे तेलदाबावर किंवा विजेवर चालणारी यंत्रणा करते. भारतात हा प्रकार २०१४ साली मारुती सुझुकी सेलेरियोमुळे सर्वसामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचला. इटालियन स्पोर्ट्स कारमध्ये तो त्याआधीपासून होता. फेरारीने १९९७ साली एफ३५५ या मोटारीत तो दिला.

द्विक्लची गिअरपेटी (डीसीटी, डीएसजी, पीडीके): विषम आणि सम गिअरांसाठी दोन स्वतंत्र क्लच असतात. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार ठेवला जातो, त्यामुळे बदल अतिशय जलद होतो. फोक्सवॅगनने २००३ साली ही रचना सर्वसामान्य विक्रीच्या मोटारीत आणली आणि पोर्शने २००८ साली ती ९११ मध्ये दिली. यातील क्लच कोरडे असतात किंवा तेलात बुडालेले (ओले) असतात.

टॉर्क कन्व्हर्टर असलेली स्वयंचलित गिअरपेटी: इंजिन व गिअरपेटी यांच्यामध्ये घर्षणाच्या क्लचऐवजी तेलाने भरलेले संयोजक असते. गाडी थांबलेली असताना किंवा अगदी हळू चालत असताना घसरण तेलात होते, घर्षणपट्टीवर नाही. गाडीने वेग घेतल्यावर अंतर्गत क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो. जनरल मोटर्सने १९३९ साली आणलेल्या 'हायड्रामॅटिक'मध्ये द्रवयुग्मक वापरले होते. टॉर्क कन्व्हर्टर ही त्याच तत्त्वाची पुढची पायरी होय.

मंद वेगाचे गणित

एका साध्या उदाहरणाने ही मर्यादा स्पष्ट होते. इंजिन निष्क्रिय अवस्थेत (आयडलिंग) मिनिटाला ८०० फेरे घेते, पहिला गिअर आणि अंतिम गिअर यांचे एकत्रित गुणोत्तर १३ आहे आणि चाकाचा परीघ २ मीटर आहे, असे धरल्यास चाक मिनिटाला सुमारे ६१.५ फेरे घेते व गाडी १२३ मीटर पुढे जाते. हा वेग ताशी सुमारे ७.४ किलोमीटर होतो. गुणोत्तर १० असेल, म्हणजे पहिला गिअर अधिक 'लांब' असेल, तर किमान वेग ताशी ९.६ किलोमीटर होतो. वेगासाठी बांधलेल्या अनेक मोटारींत पहिला गिअर असा लांब ठेवलेला असतो.

माणूस ताशी ४ ते ५ किलोमीटर वेगाने चालतो. पुढे हातगाडी, पादचारी किंवा रांगेतील वाहन असताना मोटारीला याच वेगाने सरकावे लागते. या वेगात क्लच पूर्ण सोडला तर इंजिन गचके देऊन बंद पडते. म्हणून चालक क्लच अर्धवट दाबून ठेवतो. चालकांच्या बोलीत यालाच 'हाफ क्लच' म्हणतात. हाफ क्लचवर चालवलेल्या प्रत्येक मीटरला क्लच प्लेट घासली जाते व तापते.

याच गणिताची दुसरी बाजूही उद्बोधक आहे. वरील उदाहरणातील इंजिन ७,००० फेऱ्यांपर्यंत नेल्यास पहिल्याच गिअरमध्ये वेग ताशी सुमारे ६५ किलोमीटर होतो. म्हणजे दादर ते लालबाग या अंतरात अशा मोटारीची पूर्ण शक्ती वापरून दुसरा गिअर टाकण्याची वेळ कायदेशीर वेगात सहसा येतच नाही. हस्तचलित गिअरचा जो आनंद सांगितला जातो, तो इंजिनाचे फेरे चढवून योग्य क्षणी गिअर बदलण्याचा असतो. रांगेत उरते ते केवळ पहिला, न्यूट्रल आणि पुन्हा पहिला एवढेच.

शहराची रचना

मुंबई बेट उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. त्यामुळे वाहतूक मोजक्या समांतर रस्त्यांवर एकवटते. परळ, लालबाग आणि दादर यांतून जाणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, पश्चिमेकडील सेनापती बापट मार्ग आणि गिरगावातील जगन्नाथ शंकरशेठ मार्ग व महर्षी कर्वे मार्ग हे त्यांपैकी प्रमुख होत. पूर्व-पश्चिम जाण्यासाठी रेल्वेमार्ग ओलांडावे लागतात आणि ते ओलांडणारे पूल थोडे आहेत. प्रभादेवी व परळ यांना जोडणारा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी बंद करण्यात आला. त्यानंतर तेथील वाहतूक दादरचा टिळक पूल आणि करी रोडचा पूल यांकडे वळवण्यात आली.

या भागातील रस्ते घडले तो काळ ट्राम, बैलगाडी आणि पायी चालणाऱ्या गिरणी कामगारांचा होता. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तरी 'दादर टीटी' हे नाव ट्रामच्या शेवटच्या थांब्याची आठवण अजून राखून आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर कार्यालये व निवासी मनोरे उभे राहिले. रस्त्यांची रुंदी मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. चाळींना वाहनतळ नसल्याने मोटारी रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. मेट्रो ३ च्या भुयारी कामामुळे गिरगाव, काळबादेवी व दादर येथील रस्ते अनेक वर्षे अडथळ्यांनी आणखी अरुंद झाले होते.

गिअरच्या निवडीवर प्रत्यक्ष परिणाम करणाऱ्या गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत.

चढ: टिळक पूल, केम्प्स कॉर्नर, पेडर रोड (डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग) आणि चौपाटीकडून तीन बत्तीकडे चढणारा वाळकेश्वर मार्ग येथे चढावर थांबून पुन्हा निघावे लागते. मागचे वाहन हातभर अंतरावर असताना हस्तचलित गाडी मागे न घसरू देता पुढे काढणे, हे या शहरातील चालकाच्या कौशल्याचे नेहमीचे परिमाण आहे.

गतिरोधक व खड्डे: स्पोर्ट्स कारचा तळ जमिनीपासून साधारण १० ते १३ सेंटिमीटरच उंच असतो. गतिरोधक ओलांडताना तिला इतर मोटारींपेक्षा कमी वेगाने, पुष्कळदा तिरके जावे लागते. हा वेगही वर सांगितलेल्या किमान वेगाच्या खाली असतो. म्हणजे रस्ता मोकळा असला तरी क्लचची झीज होतच राहते.

पाणी: पावसाळ्यात परळ-दादर दरम्यानचा हिंदमाता परिसर पाणी साचण्यासाठी प्रसिद्ध आहे. कमी उंचीच्या मोटारीत पाणी इंजिनाच्या हवामार्गातून आत शिरण्याचा धोका असतो. कोणतीही गिअरपेटी त्यावर उपाय नाही. अशा वेळी मार्ग बदलणे एवढाच इलाज उरतो.

उत्सव: गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो, तर लालबागचा राजा १९३४ पासून बसतो. या दहा दिवसांत लालबाग-परळचे रस्ते दर्शनार्थींनी भरलेले असतात. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीकडे जाणारे अनेक रस्ते वाहनांसाठी बंद ठेवले जातात.

गर्दीतील तुलना

हस्तचलित: क्लचवर चालकाचे संपूर्ण नियंत्रण असते, झीजही त्याच्याच सवयीवर ठरते. पुढच्या वाहनाला थोडे अंतर जाऊ द्यावे, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून ते अंतर कापावे आणि थांबल्यावर न्यूट्रल करून पाय काढावा, अशी शिस्त पाळल्यास प्लेट दीर्घकाळ टिकते. मुंबईत मात्र सोडलेल्या अंतरात दुचाकी किंवा टॅक्सी शिरते आणि शिस्त मोडते. शक्तिशाली इंजिनाचा जोर पेलण्यासाठी स्पोर्ट्स कारच्या क्लचमधील स्प्रिंग कडक असते, त्यामुळे पायालाही अधिक ताण पडतो. गुडघा, घोटा किंवा कंबर दुखरी असलेल्या चालकासाठी हा ताण निर्णायक ठरू शकतो. क्लच पायाने सतत टेकवून ठेवल्यास रिलीज बेअरिंगही लवकर खराब होते. मध्यभागी किंवा मागे इंजिन असलेल्या मोटारींत केवळ क्लच प्लेट बदलण्यासाठीही बरीच खोलाखोल करावी लागते.

एकक्लची स्वयंचलित: पायाचा त्रास वाचतो, पण घसरण त्याच एका क्लचवर होते. यंत्रणा दिरंगाईने प्रतिसाद देते आणि सरकताना गचके जाणवतात. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणे या प्रकाराला विशेष घातक असते.

द्विक्लची: मोकळ्या रस्त्यावर सर्वांत जलद, परंतु गर्दीत तिचे क्लच हाफ क्लचच्याच अवस्थेत काम करतात, फरक एवढाच की पायाऐवजी संगणक ते दाबतो. चालकाला ही घसरण जाणवत नसल्याने तो ब्रेक किंचित सैल करून गाडी इंचाइंचाने पुढे सरकवत राहतो आणि तापमान वाढते. ओल्या क्लचची उष्णता तेल वाहून नेते. कोरड्या क्लचला ती सोय नसते. अति तापल्यास बहुतेक मोटारी चालकाला इशारा देतात किंवा जोर कमी करतात. पुरेसे अंतर झाल्यावरच निघणे, थांबताना ब्रेक पूर्ण दाबणे आणि चढावर ब्रेक होल्ड वापरणे हे उपाय येथेही लागू पडतात.

टॉर्क कन्व्हर्टर: पावलाच्या वेगाने सरकण्यासाठी सर्वांत सहनशील प्रकार. ब्रेक सोडताच गाडी हळूच पुढे जाते व चढावर मागे घसरण्याची प्रवृत्ती कमी असते. निर्माण होणारी उष्णता गिअरपेटीच्या तेलात जाते, म्हणून तेल व त्याचे शीतक सुस्थितीत असणे आवश्यक असते. इंधनाचा व्यय गर्दीत काहीसा वाढतो. गिअर बदलण्याचा वेग पूर्वी कमी असे. आधुनिक आठ गिअरी रचनांत हा फरक बराच कमी झाला आहे. बीएमडब्ल्यूने २०१७ साली एम५ या मोटारीत द्विक्लची गिअरपेटी सोडून टॉर्क कन्व्हर्टरचा स्वीकार केला, हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

पादचाऱ्यांची सुरक्षितता

दादरचा रानडे मार्ग किंवा लालबागची बाजारपेठ येथे मोटारीपुढे माणसे असतात, त्यामुळे चूक झाल्यावर गाडी काय करते याला महत्त्व येते. हस्तचलित मोटारीत नवख्या चालकाने क्लच चुकीचा सोडल्यास गाडी बहुधा गचका देऊन बंद पडते. स्वयंचलित मोटारीत ब्रेकवरचा पाय सैल झाला तरी गाडी पुढे सरकते आणि ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेल्यास मोठ्या शक्तीची मोटार क्षणार्धात वेग घेते. उलटपक्षी, थकलेल्या पायाने आणि सतत गिअर बदलण्यात गुंतलेल्या हाताने चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावरून ढळू शकते. स्वयंचलित गाडीत केवळ उजवा पाय वापरणे, थांबल्यावर न्यूट्रल किंवा ब्रेक होल्ड लावणे आणि गर्दीत 'स्पोर्ट' अवस्था बंद ठेवणे हे सुरक्षित मानले जाते.

मुंबईतील पूर्वपीठिका

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी तयार होत असे. १,०८९ घन सेंटिमीटर इंजिनाची ही मोटार काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शहराची ओळख बनली. तिच्या मूळ रचनेत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता. टॅक्सीचालकांच्या अनेक पिढ्यांनी या हस्तचलित गिअरवर दिवसभर याच रस्त्यांवर चाकरी केली. त्यामुळे गर्दीत हस्तचलित गाडी चालवणे अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. मात्र पद्मिनीचे इंजिन लहान होते व तिचे सुटे भाग सहज मिळत. स्पोर्ट्स कारला हे दोन्ही फायदे नसतात. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वीस वर्षांची मर्यादा संपल्याने सेवेतून गेली.

आयात स्पोर्ट्स कारविषयी शहरात मोठे कुतूहल निर्माण झाले ते सचिन तेंडुलकर यांना २००२ साली भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनामुळे. हे मॉडेल हस्तचलित आणि एकक्लची स्वयंचलित अशा दोन्ही गिअरपेट्यांसह बनत असे. मुंबईच्या डीसी डिझाइनने २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मांडलेल्या अवंती या भारतीय स्पोर्ट्स कारला सहा गिअरांची हस्तचलित पेटी होती.

परवडणाऱ्या वेगवान मोटारींत पुण्याजवळील चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय लक्षणीय ठरली. २०१३ साली ती सात गिअरांच्या कोरड्या द्विक्लची पेटीसह आली. २०२० मध्ये नव्या इंजिनासोबत हस्तचलित आणि टॉर्क कन्व्हर्टर असे पर्याय आले. ह्युंदाई आय२० एन लाइन २०२१ साली क्लच पेडल नसलेल्या हस्तचलित (आयएमटी) आणि द्विक्लची गिअरपेटीसह आली. २०२३ मध्ये आयएमटीची जागा नेहमीच्या हस्तचलित गिअरने घेतली.

मोकळे रस्ते आणि वेळ

शहरातच असे मार्ग आहेत जेथे स्पोर्ट्स कारला श्वास घेता येतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू (२००९), पूर्व मुक्त मार्ग (२०१३) आणि मरीन ड्राइव्ह ते वरळी हा १०.५८ किलोमीटरचा किनारी मार्ग (पहिला टप्पा मार्च २०२४) हे त्यांपैकी होत. किनारी मार्गावर सरळ भागात ताशी ८० आणि बोगद्यात ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे. या मार्गांवर क्लच पूर्ण जोडलेला राहतो व गिअरपेट्यांमधील झिजेचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. परंतु गिरगाव किंवा परळ येथील घरापासून तेथपर्यंतचा रस्ता गर्दीतूनच जातो. म्हणून एकाच मोटारीबाबत रविवारच्या पहाटे चालवणारा आणि रोज सायंकाळी कार्यालयातून परतणारा यांचे निष्कर्ष वेगळे येतात आणि ते दोन्ही बरोबर असू शकतात.

परवाना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये दुचाकींसाठी 'गिअर नसलेली' आणि 'गिअर असलेली' असे स्वतंत्र वर्ग आहेत. हलक्या मोटार वाहनांसाठी असा भेद नाही. ब्रिटनमध्ये स्वयंचलित मोटारीवर परीक्षा देणाऱ्यास हस्तचलित मोटार चालवता येत नाही. भारतात एकच परवाना दोहोंना चालतो. त्यामुळे केवळ स्वयंचलित गाडीची सवय असलेल्याने शक्तिशाली हस्तचलित मोटार घेताना सरावाची जबाबदारी त्याच्यावरच राहते.

निवडीचे निकष

मोटार रोजच्या वापरासाठी आहे की क्वचित चालवण्यासाठी, हा पहिला निकष होय. रोजच्या प्रवासात दादर-परळसारखे भाग असल्यास टॉर्क कन्व्हर्टर सर्वांत अनुकूल, ओली द्विक्लची त्यानंतर, तर कोरडी द्विक्लची आणि एकक्लची पेटी कमी अनुकूल ठरते. हस्तचलित पेटी पायाला सर्वांत जड, पण रचनेने सोपी आणि दुरुस्तीस तुलनेने स्वस्त असते. पहाटे किंवा सुटीच्या दिवशीच बाहेर काढल्या जाणाऱ्या मोटारीसाठी हस्तचलित गिअरला विरोध करण्याचे यांत्रिक कारण उरत नाही. कुटुंबातील अन्य कोणी गाडी चालवणार का, चालकाच्या सांध्यांची स्थिती कशी आहे, घराकडे जाताना चढ किंवा उंच गतिरोधक आहेत का आणि क्लच बदलण्याची सोय शहरात आहे का, हे पुढील निकष आहेत. वापरलेली मोटार घेताना ती आजवर कोणत्या भागात चालली याची चौकशी किलोमीटरच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते, कारण कोंडीतील थोडे किलोमीटर क्लचला महामार्गावरील पुष्कळ किलोमीटरइतके झिजवू शकतात.

सद्यस्थिती

निवडीची व्याप्ती कमी होत चालली आहे. फेरारीने २०१२ च्या सुमारास हस्तचलित गिअर देणे थांबवले. भारतात २०१६ साली आलेली फोर्ड मस्टँग केवळ स्वयंचलित होती. दुसरीकडे हस्तचलित गिअर काही मोटारींत जाणीवपूर्वक परत आणला गेला आहे. पोर्शने २०१७ साली ९११ जीटी३ साठी तो पुन्हा उपलब्ध केला. भारतात बीएमडब्ल्यू एम२ (२०२३) आणि झेड४ (२०२५) यांना तो पर्याय म्हणून मिळाला. कधी काळी स्वस्त व सर्वसाधारण असलेला हा प्रकार आता हौसेचा विषय झाला आहे.

विजेवरील मोटारींत मुळात प्रश्नच बदलतो. विद्युत मोटर शून्य वेगापासून जोर देते, त्यामुळे तिला घसरणाऱ्या क्लचची गरज नसते. एमजी सायबरस्टर ही दोन आसनी विजेवरील स्पोर्ट्स कार २०२५ मध्ये भारतात विक्रीस आली. अशा मोटारीला माणसाच्या चालीने सरकतानाही काही झिजवावे लागत नाही. गतिरोधक, खड्डे आणि साचलेले पाणी यांची अडचण मात्र तिलाही तेवढीच राहते.